छोटी पुली

आमचा शेजारी तुमसरच्या राइस मिलमध्ये फिटर आहे. दिवसभर मिलच्या पुल्या बदलणाऱ्या या माणसानं स्वतःच्या जुन्या कारच्या इंजिनालाही छोटी पुली बसवली.

"पट्टा हळू फिरते, इंजिनचा भार कमी होते. गाडी उडून राहिली ना भाऊ!"

मला ती पूर्वीसारखीच वाटायची. फक्त त्याच पट्ट्यावर चालणारा एसी गार होईना. भर मे महिन्यात तो काचा खाली करून, घामानं निथळत, खुशीत गाडी चालवायचा.

परवा आईला भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तो गाडी घेऊन दारात आला. आत छान गारवा होता आणि छोटी पुली डॅशबोर्डवर ठेवलेली.

"काहून काढली?"

"मावशीले ऊन सोसत नाही ना. आज गाडी जराशी जड चालन."

गाडी रोजच्यासारखीच पळाली.

"हो," मी म्हटलं, "फरक जाणवून राहिला."