तुजं पाऊल गेलं गं
मी आमचं गाव, पोशीर, सोडलं त्या सकाळी बाबांनी माझ्या नव्या बुटांचा सोल अंगठ्यानं दाबून पाहिला. कर्जतच्या बाजारातून त्यांनीच आणलेले बूट, दोन बोटं जाड सोलचे. "गादी हाय नुसती," ते खुशीत म्हणाले. "आता तुज्या पायाला दगड लागायचा नाय." मग माझी बॅग खांद्यावर टाकून अनवाणीच रस्त्यावरच्या गाडीपर्यंत आले. मला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली होती. गाडीच्या काचेतून त्यांचे चिखलानं भरलेले पाय दिसले आणि मी पटकन दुसरीकडे पाहिलं. ड्रायव्हर बघत होता ना! त्या वेळी मान वळवल्याची लाज अजून गेलेली नाही.

त्या पायांना त्यांचा असा आवाज होता. तरुणपणी उजव्या तळव्यात विळा रुतला, तेव्हापासून बाबा त्या पायाची फक्त बाहेरची कड टेकवायचे. थप, मग जरासं सरक. भाताच्या बांधावरून ते पुढे, मी मागे. "माज्या पावलावर पाऊल टाक, नायतर घसरशील," एवढंच सांगायचे. मी इतक्या इमानदारीत टाकलं की त्यांचं लंगडणंही उचललं. आई चुलीपाशी बसून आम्हा दोघांना नुसत्या पायांवरून ओळखायची. जड थप-सरक आलं की बाबा, हलकं आलं की मी. मान वर न करता ती म्हणायची, "आली का गं वैशे?" मला वाटायचं, सगळ्यांच्याच आया ओळखतात.

पुढे काचबिंदूनं तिची नजर गेली. आणि गेल्या वर्षी बाबा गेले. तुमच्यातले जे परदेशात आहेत त्यांना ठाऊक आहे, आपण पोचतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं. मी गेटातून आत शिरले, अंगणातला कोबा ओलांडला, पडवीत आईच्या अगदी पुढ्यात उभी राहिले. ती घरात आलेल्या शेजारणीला सांगत होती, "वैशी येल आता." माझ्या मऊ बुटांनी कोब्यावर आवाजच केला नव्हता. मी "आई" म्हटल्यावर ती दचकली, केवढी दचकली! बूट काढून पंधरा दिवस घरात वावरले, तरी तेच. दर वेळी विचारायची, कोण हाय? निघायच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, "तुजं पाऊल गेलं गं. पावनी चालल्यावानी चालतेस."

तिकडे परतल्यावर मी फिजिओथेरपिस्टकडे गेले. कारण गुडघ्याचं सांगितलं, आणि ते थोडं खरंही होतं. खरं कारण सांगणार कसं? आईला मी ऐकू येत नाही म्हणून आलेय, असं? बाईंनी मला अनवाणी चालायला लावलं आणि म्हणाल्या, बोटं झोपलीत तुझी, इतकी वर्षं उशीत ठेवलीस. त्यांनी बेअरफूट शूज सुचवले. पुढून रुंद, टाच नाही, सोल भाकरीपेक्षा पातळ. पण एकदम नाही, हळूहळू. आधी घरात रोज दहा मिनिटं. मग कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटपर्यंत. दोन महिन्यांनी ट्रॅमच्या स्टॉपपर्यंत. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जिना मी उलटी उतरायचे. ऑफिसात त्या बुटांना बदक हे नाव पडलं. रस्त्यातल्या विटा, त्यांच्यातल्या फटी, गार पडलेलं लोखंडी झाकण, सगळं तळव्याला कळायला लागलं. बाबांनी जे लागू नये म्हणून बूट आणले, तेच मी मुद्दाम लावून घेत होते.

पाचव्या महिन्यात फ्लॅटच्या लाकडी जमिनीवर तो आवाज आला. थप, सरक. मी थांबले, तोही थांबला. मागे वळून पाहिलं. सांगायला संकोच वाटतो, पण पाहिलं. पुढच्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये सहज म्हणाल्या, "तुझ्याकडे कोणी वयस्क गृहस्थ राहायला आलेत का?" मी नाही म्हटलं. त्या दिवशी घरी येऊन पाय सोफ्यावर घेतले आणि संध्याकाळपर्यंत जमिनीवर टेकवलेच नाहीत. भीती वाटत होती. आणि पाऊल पुन्हा जाईल अशीही भीती वाटत होती.

या मे महिन्यात पोशीरला गेले. दुपार होती. आई पडवीत सूप घेऊन तांदूळ चाचपत बसली होती, बोटांनी खडे शोधत. मी मुद्दाम हाक मारली नाही. गेट लावलं आणि कोब्यावरून चालत निघाले. मनात एकच होतं, आता म्हणेल, आली का गं वैशे.

तिचे हात सुपात थांबले. चेहरा असा उजळला, जसा माझ्यासाठी कधी उजळल्याचं मला आठवत नाही. डोक्यावर पदर ओढून घेत ती म्हणाली, "आलात का वो? पाय धुवा, च्या ठेवते."

मी जागीच उभी राहिले. मी आता काही लहान मुलीच्या वजनाची नव्हते, हे इतक्या महिन्यांत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आई, मी आहे. वैशी."

पदर धरलेला तिचा हात हळूच खाली आला. मी जवळ बसले तर तिनं माझे तळवे चाचपले, उजव्याची बाहेरची कड अंगठ्यानं दाबून पाहिली. मग म्हणाली, "वैशे, परत येकदा गेटापासून चालत ये."

परदेशात मला लोक विचारतात, होम म्हणजे तुझ्यासाठी काय. माझं आता तेवढंच उरलंय. गेटापासून पडवीपर्यंतचा कोबा, आणि तिथं मला माझ्या नावानं कोणी हाक मारणार नाही.

मी गेटापर्यंत गेले, वळले आणि चालत आले. आईनं पुन्हा पदर सारखा केला होता.

"आलात का वो?"

या खेपेला मी "हो" म्हणाले.