धोतर नेसलेलं लाटणं

माझ्या सासूबाईंच्या बाहुल्याचं नाक मी सहाणेवर उगाळून तोंडाला फासलं. लग्नाला तीन आठवडे झाले होते, अक्कल अजून यायची होती.

आमच्या साताऱ्यात रक्तचंदनाची बाहुली म्हणजे औषध. सूज आली, पुटकुळी आली, की उगाळायची. चेन्नईच्या या तंजावरी मराठी घरात आले, तर फडताळात तशाच दोन उभ्या, एक नवरा आणि एक नवरी. मला वाटलं, वा, साठा भरपूर आहे! फोटो काढायला जायचं होतं आणि नाकावर ही एवढी पुटकुळी. नवऱ्याला पालथा धरला आणि घासला. पुटकुळी राहिली, त्याचं नाक गेलं.

संध्याकाळी सासूबाई कौतुकानं सांगत होत्या : ही जोडी त्यांच्या आईनं त्यांना लग्नात दिलेली. नवरात्रात गोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडायच्या, त्यात पहिला मान हिचा.

आता कबूल करावं की नाही? पण मी पडले हुशार. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले पाहून माळ्यावर चढले, बाहुल्याला फुटक्या घंगाळात टाकलं आणि वर काथ्याचा ढीग ओढला. नवरात्रात शोधाशोध झाली तेव्हा पलंगाखाली वाकून शोधणाऱ्यांत मी सर्वांत पुढे!

सासूबाईंनी शेवटी शोध थांबवला. त्यांनी लाटण्याला धोतर नेसवलं, चिंधीची पगडी बांधली आणि नवरीशेजारी उभं केलं. मग दर वर्षी तेच. कुंकवाला आलेल्या शेजारच्या मामी विचारायच्या, "हे कोण?"

"आमचे जावई," सासूबाई गंभीरपणे सांगायच्या. "पोळ्या छान गोल करतात."

मामी हसायच्या, मी स्वयंपाकघरात पळायचे. तिथे सुंडल परतायला घ्यायचे. रोज वेगळं कडधान्य, वर ओलं खोबरं, शिवाय आल्यागेल्याला पुडीत बांधून द्यायचं. नऊ दिवसांचं हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. का, ते मला आणि घंगाळाला ठाऊक.

यंदा नात म्हणाली, वरच्या खोलीत बसून ऑफिसचं काम होत नाही, लॅपटॉपवर डोसा भाजता येईल. कौलांखाली ऊन अडवणारे फोमचे तक्ते बसवायचे ठरले. माणसं सोमवारी येणार, त्याआधी माळा रिकामा हवा.

"माळा मी साफ करते," मी म्हटलं.

"आजी, तू अडुसष्ट वर्षांची आहेस!"

"म्हणूनच. तिथला कचरा माझ्या ओळखीचा आहे."

पदर खोचून शिडी चढले. नात खाली शिडी धरून तमिळमध्ये "पाऽत्तु, पाऽत्तु", म्हणजे जपून, जपून, करत होती. फुटकी कौलं, मेलेल्या ट्यूबलाइटी, चिमण्यांची घरटी, रेडिओचं रिकामं खोकं, एकेक खाली दिलं. शेवटी काथ्या उचलला आणि घंगाळात हात घातला.

मी त्याला उघडाच टाकला होता. आता तो जांभळ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. आत कडुलिंबाचा वाळून चुरा झालेला पाला. ते लुगडं कोणाचं, हे मला विचारायची गरज नव्हती. त्याला तसाच उचलून मी शिडीकडे वळले.

"आजी, काय सापडलं?"

"माझं शहाणपण," म्हटलं आणि उतरले.

एक्याण्णव वर्षांच्या सासूबाई ओसरीवर मोगऱ्याचा गजरा बांधत होत्या. बाहुला त्यांच्या मांडीवर ठेवला. "आई, नाक मी उगाळलं होतं," एवढंच कसंबसं म्हटलं. त्यांनी दोरा बाजूला ठेवला, झिजलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"पहिल्याच आठवड्यात सापडला होता मला," त्या म्हणाल्या.

"मग बोलला का नाहीत?"

"तेव्हाच बोलले असते, तर तू दोन दिवस रडली असतीस आणि मोकळी झाली असतीस. गप्प बसले, म्हणून पंचेचाळीस वर्षं नऊच्या नऊ दिवस सुंडल तू एकटीनं केलंस ग, आणि एकदासुद्धा कुरकुरली नाहीस."