धाकटीचं कर्नल

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तिथली जुनी मशिनं भंगारात निघाली, तेव्हा त्यांनी एक फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर घरी आणला. शिवमंदिराच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, शिलाई मशिनीशेजारी बसला. मी तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकवायचे, त्यामुळे घरात या विषयातली हुशार मीच. धाकटी बहीण डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती.

क्लासमधून मी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम आणून त्यावर टाकली. पण दर वेळी फ्लॉपी घातल्याशिवाय ती सुरूच व्हायची नाही, कारण कारखान्याच्या त्या हार्ड डिस्कचं कार्ड जगावेगळं होतं. उपाय एकच. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आपल्या मशीनपुरतं स्वतः कंपाईल करायचं, म्हणजे मूळ कोडवरून नव्याने बनवायचं. आधी शेकडो प्रश्नांना उत्तरं द्यायची, मग चार-साडेचार तास वाट बघायची.

तीन रविवार मी हे केलं. तिन्ही वेळा भराभर ओळी सरकल्या आणि शेवटी 'कर्नल पॅनिक' येऊन सगळं थिजलं. पॅनिक म्हणजे काय ते आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढं कुणाला घाबरतंय ते?"

चौथ्या रविवारी सकाळी धाकटी म्हणाली, "ताई, मी बघू?"

"बघ की," मी म्हटलं. तिला जमणार नाही अशी खात्री होती, म्हणूनच म्हटलं.

ती माझी उत्तरं एकेक वाचत गेली आणि डिस्कच्या कार्डापाशी थांबली. "या कार्डाचा प्रोग्रॅम तू कर्नलबाहेर वेगळा तुकडा म्हणून ठेवलायस. तो तुकडा आहे डिस्कवर, आणि त्याच्याशिवाय डिस्कच वाचता येत नाही. किल्ली आत ठेवून कपाट लावल्यासारखं झालं ना?"

बाबा मोठ्याने हसले. "बघा, मास्तरीणबाईंची चूक काढली!" मीही हसले, पण अंगाची आग झाली. आठवडाभर मी वीस-वीस पोरांना शिकवायचे आणि ही चूक मला दिसली नव्हती.

तिने कंपाईल सुरू केलं. दुपारी बाबा विहारात मीटिंगला गेले, आई लवंडली, धाकटी मागे कपडे वाळत घालायला गेली. स्क्रीनवर ओळी चालल्या होत्या. तीन तास होऊन गेले होते. हे आता बूट होणार, फ्लॉपीशिवाय सुरू होणार, आणि बाबा संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगला सांगणार, हे मला दिसायला लागलं. मी उठले आणि दारामागचा मेन स्विच पाडला.

पंखा थांबला तशी धाकटी आत आली. "लाइट गेली?"

"हो ना," मी म्हटलं. दहा मिनिटांनी पाणी प्यायला उठल्याचं नाटक करून स्विच वर केला.

ती रडेल असं वाटलं होतं. तिने मशीन लावलं, डिस्क तपासून घेतली, अर्धवट राहिलेली एक फाईल पुसली आणि तीच कमांड पुन्हा दिली. आधी झालेल्या फाईलींना हात न लावता काम पुढे सुरू झालं.

"पहिल्यापासून नाही?" मी विचारलं.

"नाही. झालेलं ते परत करत नाही," ती म्हणाली. क्लासात शिकवणाऱ्या मला हेही ठाऊक नव्हतं.

बाबा परतले तेव्हा फ्लॉपीशिवाय लॉगिन आलेलं होतं. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं. मी सगळ्यांसाठी चहा केला.

संध्याकाळी भांडी घासताना धाकटी हळूच म्हणाली, "दुपारी शेजारी टीव्ही चालू होता, ताई."

मी पातेलं खाली ठेवलं. "मग बोलली का नाहीस?"

"बाबा खुशीत होते." मग ती म्हणाली, "पण मला राग आलाय हां. खूप."

तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. मी सॉरी म्हटलं, पण मनातली जळजळ काही कमी झाली नाही. उलट आता ती शहाणीही ठरली होती.

पुढच्या रविवारी मी सगळं पहिल्यापासून, माझ्या हाताने केलं. तिला काही विचारलं नाही. साडेचार तासांनी माझं कर्नल बूट झालं. मी बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"हे तर गेल्याच रविवारी झालं होतं ना?" म्हणाले, आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.