बोदिलचं लोणी

आमच्या डेन्मार्कमधल्या ऑर्हूसच्या नाटकमंडळीत बोदिल पडद्याआडून विसरलेले संवाद सांगायची. वजन उतरल्याशिवाय गुडघ्याचं ऑपरेशन होणार नव्हतं, म्हणून ती विद्यापीठाच्या आहार-प्रयोगात गेली. जेवण सगळ्यांना सारखंच मोजकं. काहींच्या डब्यात लोणी, काहींच्या तेल. शरीर कोणतं जास्त जाळतं, ते पाहायचं होतं. बोदिल तेलवाल्यांत होती. सगळ्यांचं वजन उतरलं, तिचं जसंच्या तसं.

प्रयोगाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "डब्याबाहेरचं काही खाता?"

"छे, घासभरही नाही."

"डब्यातल्या काळ्या पावावर काही?"

"नेहमीचं लोणी. चावलं की दातांचे ठसे उमटतील एवढं जाड. ते काय खाणं झालं, बाई?"

प्रयोगातून नाव कटलं. हिवाळाभर तिनं पाव कोरडा गिळला, वजन उतरवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर माझे जिने चढून आली, तेव्हा समोरचं लोणी माझ्याच पावावर थापत म्हणाली, "खा. ठसे बघू दे."