रिहर्सलमध्ये आलेला नकार

रिहर्सल हा शब्द आमच्या घरात पुण्याहून आला, व्हिडिओ कॉलवर. आणला माझ्या पुतणीने. ती तिकडे कंपनीत आहे आणि आमच्या घरच्या प्रत्येक दुखण्यावर तिकडून औषध पाठवत असते.

"आई, मागच्यासारखं नको करू. पाहुणे यायच्या आधी सगळ्यांची रिहर्सल घे," ती वहिनीला म्हणाली. "कोण काय बोलेल, कोण गप्प राहील, सगळं ठरवून टाक."

'कोण गप्प राहील' म्हणताना तिने मोबाइलच्या चौकटींत, दारव्ह्याहून त्याच कॉलवर असलेल्या मला शोधलं, असा माझा संशय आहे.

दुखणं असं. माझ्या मोठ्या भावाचा मुलगा, म्हणजे या पुतणीचा भाऊ, शेती करतो. कृषीची पदवी घेऊन, नोकरीच्या मागे न लागता, स्वतःच्या मर्जीने करतो. बोरी अरबजवळ आमचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन, विहीर, ठिबक, सगळं ठीकठाक. पण तिशी उलटली तरी लग्न जमत नाही. मुलीकडचे घर पाहायला येतात, पोहे खातात, विहिरीत वाकून पाहतात, "मुलगा चांगला आहे" म्हणतात आणि उठताना म्हणतात, "घरी जाऊन कळवतो." कळवत कोणीच नाही. कळवतो म्हणून गेलेल्यांपैकी एकाचाच आजवर फोन आला, तोही चष्मा आमच्याकडे राहिला म्हणून.

आता वणीचं स्थळ आलं होतं. वडील कोळसा खाणीत नोकरीला, मुलगी फार्मासिस्ट, आणि ती स्वतः घर पाहायला येणार होती. पुतण्याने आईला बजावलं होतं, "एवढं एक. हेही कळवतो म्हणून गेले, तर यापुढे माह्यासाठी कोणाले बोलवायचं नाही." तो चिडून बोलला असता तर वहिनीला एवढी भीती वाटली नसती. तो पंपाची मोटर उघडून बसला होता आणि मान वर न करता बोलला.

म्हणून रिहर्सल. म्हणून दारव्ह्याहून मला बोलावणं.

मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवतो. कोणी इंग्रजी शब्द उच्चारला की त्याचं मूळ काढल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि काढलेलं मूळ दुसऱ्याला सांगितल्याशिवाय तर मुळीच नाही. हा दोष घरच्यांना पाठ आहे. तरीही मी शनिवारी दुपारी जाऊन बसलो आणि चहा यायच्या आत सुरू झालो. म्हटलं, रिहर्सल हा शब्द मुळात नाटकाचा नाहीच. जुन्या फ्रेंचमध्ये शेतातल्या एका अवजाराचं नाव होतं, जमिनीवरून ओढायचं, ढेकळं फोडायची. त्यावरून क्रियापद झालं. त्याच्या आधी 'पुन्हा' लावलं, म्हणजे झालं पुन्हा वखरणं. ते इंग्रजीत गेलं तेव्हा त्याचा अर्थ होता बोललेलं पुन्हा बोलणं, घडलेलं पुन्हा सांगणं. नाटकवाल्यांच्या हाती तो शब्द त्यानंतर कैक वर्षांनी लागला.

दादा सुपारी कातरत होता. "त्या वखराले पास राहते का?"

"पास, म्हणजे आडवं पातं, नाही. दात असतात."

"मंग ते दाताळं झालं. वखर कायले म्हणतं?" त्याने सुपारी तोंडात टाकली. "अन् पुन्हा वखरणं म्हणजे रिहर्सल असंन, तर मी जन्मभर रिहर्सलच करून राह्यलो. नाटक कधी हाय, ते पाह्य तुह्या पुस्तकात."

"अन् घडलेलं पुन्हा सांगणं म्हणजे रिहर्सल," आतून वहिनी म्हणाली, "तर भाऊजींले कायची गरज? ते तर एकच गोष्ट पंधरा वर्सांपासून सांगून राह्यले."

ती गोष्ट म्हणजे दादाच्या लग्नाची. एकाच रस्त्यावर दोन मांडव होते आणि दादा मुंडावळ्या बांधून भलत्याच मांडवात जाऊन बसला. मागच्या पाहुण्यांना ती मी रंगवून सांगितली होती. मुलीचे वडील हसले, पण मुलीच्या आईने विचारलं, "मग मुलगाही असाच आहे का?" तेव्हापासून त्या गोष्टीवर घरात बंदी आहे.

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मूळ अजून थोडं राहिलं होतं. त्याच अवजाराच्या आकाराची एक चौकट मेणबत्त्या लावून मृतदेहावर ठेवत, आणि त्यातून पुढे शववाहिकेचा इंग्रजी शब्द आला, हेही मी सांगून टाकलं.

वहिनी बाहेर आली. हाताला बेसन होतं. "उद्या पोराचं शुभकार्य, अन् तुमी माह्या घरात तिरडी आणून राह्यले? तुमचं उद्याचं बोलणं ठरलं. 'या, बसा' अन् 'घ्या, घ्या'. याच्यापुढे एक शब्द नाई."

अशा रीतीने माझी भूमिका पक्की झाली.

संध्याकाळी तालीम बसली. शेजारचे कंडक्टरकाका एसटीतून निवृत्त झालेले, आवाज मोठा, रिकामपण त्याहून मोठं. त्यांना मुलीचे वडील केलं. वहिनीने घरातला कूलर बंद केला, कारण तो चालू असला की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मे महिना, यवतमाळचा उन्हाळा, आणि आम्ही सगळे घामाने निथळत कोणाच्या तरी बापाची वाट पाहत बसलो. पुतणी पुण्याहून फोनमध्ये, स्टीलच्या ग्लासाला टेकून उभी.

"या, बसा," मी म्हणालो.

"काका, इतकं रडक्यासारखं नको," ग्लासाजवळून सूचना आली.

दादाने "विहिरीले बारमाही पाणी हाय" हे वाक्य कोणी काही विचारायच्या आतच म्हणून टाकलं. वहिनीने ते परत घ्यायला लावलं. परत घेताना दादा म्हणाला, "बारमाही म्हणजे, एप्रिलमध्ये थोडं कमी होते." वहिनीने कपाळाला हात लावला, तर बेसन कपाळाला.

मग पुतण्याची पाळी. त्याने 'शेती करतो' म्हणायचं नाही, 'आधुनिक कृषी उद्योजक' म्हणायचं, असं पुण्याचं फर्मान होतं. तो ते म्हणाला. एकदा म्हणाला, पुन्हा म्हणाला, बहिणीच्या सांगण्यावरून हसत म्हणाला. प्रत्येक वेळी ते त्याच्या तोंडात दुसऱ्याचे दात बसवल्यासारखं वाटत होतं. मला खरं तर तेव्हाच ओरडावंसं वाटलं, पण माझ्या वाट्याला फक्त 'घ्या, घ्या' होतं. मी ते म्हणालो.

कंडक्टरकाका मात्र भूमिकेत असे शिरले की बाहेर निघेनात. पायावर पाय टाकून त्यांनी तिकीट तपासावं तसा पुतण्याला तपासला. महिन्याला हातात किती पडते. शहरात खोली घ्यायचा विचार आहे का. पोरगी नोकरी सोडणार नाही, मग जाणं-येणं कसं. पुतण्या उत्तरं देत गेला. शेवटी काकांनी गुडघ्यांवर हात टेकले, उठले, आणि आजवर जे जे उठले होते त्या सगळ्यांच्या आवाजात म्हणाले, "बरं. मुलगा चांगला आहे. घरी जाऊन कळवतो."

वहिनीने पदराने कपाळावरचं बेसन पुसलं. फोनमधल्या पुतणीने नजर वळवली.

काकांच्या लक्षात आलं. "अरे, मी आपलं... शेवटी तसंच म्हणतात ना सगळे."

"व्हय, तसंच म्हणतात," पुतण्या म्हणाला. उठला, चप्पल घातली. "झाली रिहर्सल. मले आलं पाठ."

रविवारी सकाळी उठून पाहतो तर तो घरात नव्हता. वखर नव्हता, बैल नव्हते. दादा म्हणाला, वावरात वखराची दुसरी पाळी राहिली होती, ती द्यायला गेला. वहिनीने फोन लावला, तो खाटेवर उशीखाली वाजला. आणि तेवढ्यात गाडी आली.

"या, बसा," मी म्हणालो. मुलगी, तिची आई, वडील. बसले. कूलर बंद. मुलीचे वडील रुमालाने मान पुसत म्हणाले, "मुलगा?"

या प्रश्नाची रिहर्सल झाली नव्हती. दादाने वहिनीकडे पाहिलं, वहिनीने माझ्याकडे. मी म्हणालो, "घ्या, घ्या." पोहे अजून यायचे होते.

दादा घाबरला की पाठ केलेलं म्हणतो. "विहिरीले बारमाही पाणी हाय."

"अच्छा," वडील म्हणाले. त्यांनीही गाडीत काहीतरी पाठ केलं असावं, कारण लगेच म्हणाले, "आमची मुलगी स्वयंपाकात हुशार आहे." मुलीने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला आमच्या घराचीच आठवण झाली. पुढचा अर्धा तास असा गेला. दोन्हीकडची वाक्यं आपापल्या रुळांवरून जात होती, एकमेकांना न भेटता. आणि मला तर मांडवाची गोष्ट घशापर्यंत येऊन परत गिळावी लागत होती.

पोहे संपत आले तेव्हा पुतण्या दारात आला. धुळीने माखलेला, डोक्याला गमछा, पोटऱ्यांपर्यंत काळी माती. पाहुणे दिसले तसा तो थबकला. ते गेले असतील असं त्याला वाटलं असावं. मग आत आला, कोपऱ्यात उभा राहिला. वहिनीने हातातला ट्रे खाली ठेवला.

मुलीच्या वडिलांनी त्याला वरून खाली पाहिलं. गुडघ्यांवर हात टेकले. उठले. आता काय येणार ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं.

"बरं," ते म्हणाले. "आम्ही घरी जाऊन..."

"कळवू नका," पुतण्या म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "माफ करा जी. नाही असंन तर इथंच सांगून द्या. राग नाई येत. पण वाट पाहणं आता होत नाई."

वहिनीने डोळे मिटले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो.

"आम्हालाही तेच म्हणतात," मुलगी म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "मला पाहायला येतात, खातात, आणि कळवतो म्हणतात. आई पंधरा दिवस फोन उशाशी घेऊन झोपते." तिच्या आईने पदराने तोंड पुसलं. मग मुलीने त्याला विचारलं, "पण आम्ही यायच्या वेळी तुम्ही घरी काहून नव्हते?"

पुतण्याने एकदा आईकडे पाहिलं. "काल इथं रिहर्सल झाली. शेजारचे काका तुमचे बाबा झालते. ते बी कळवतो म्हणून गेले. मंग म्हटलं, एकाच गोष्टीसाठी दोनदा कायले बसू."

मुलगी हसली. आवाज करून नाही, पण खांदे हलले. तिच्या वडिलांना उभं राहावं की बसावं कळेना, म्हणून ते सोफ्याच्या कडेवर टेकले.

"आज मला काहीच कळलं नाही," ती म्हणाली. "इकडचे बाबा पाण्याचं सांगतात, माझे बाबा मी न केलेल्या स्वयंपाकाचं. हो म्हणायलाही काही हाती लागलं नाही, आणि नाही म्हणायलाही. मी पुढच्या रविवारी पुन्हा येते. पाठ केलेलं कोणी बोलायचं नाही." मग माझ्याकडे वळली. "हे काका आम्ही आल्यापासून काहीतरी दाबून बसलेत. त्यांनाही बोलू द्या."

मी वहिनीकडे पाहिलं नाही. हिंमत नव्हती.

दारापर्यंत जाऊन ती परत वळली. ओढणीच्या टोकाने कपाळ पुसत म्हणाली, "आणि तेव्हा कूलर चालू ठेवा जी."

गाडी वळणाआड गेली. कुंपणावरून कंडक्टरकाकांनी मान वर काढली. "काय म्हणले? कळवतो म्हणले?"

 पुतण्या पाण्याची कॅन भरत होता, वखराची पाळी अर्धी राहिली होती. दादा उठला आणि त्याने कूलरचं बटण दाबलं. त्या घरघराटात वहिनी मला काहीतरी म्हणाली. बहुतेक रविवारी मी काय बोलायचं तेच. मला ऐकू आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलंही नाही.