ताईसाठी राखलेली वाटीभर फळं

आखातातल्या रुवैसला कंपनीच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायला गेलो, त्याच वर्षी ताईचं पहिलं पार्सल आलं. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, लग्न होऊन ॲडलेडला गेलेली. पार्सलात एका पिशवीत लालसर, सुरकुतलेली सुकी फळं होती. मी म्हटलं, वा, बाईसाहेबांनी आमसुलं पाठवली, आणि मूठभर आमटीत टाकली. नवरा रिफायनरीतून दमून आला, एक भुरका मारला आणि वाटी बाजूला सारली. मी फोन करून ताईला झापलं, “तुझ्या आमसुलांना काही दम नाही गं.” पलीकडे ती हसता हसता खाली बसली असावी. ती क्वाँडाँग नावाची तिथल्या रानातली फळं होती आणि बिस्किटांत घालायची होती.

मग फोनवर शिकवणी सुरू झाली. फळं कोमट पाण्यात भिजवून बारीक चिरायची, लोणी आणि मध फेसायचा, मैदा घालायचा, आणि तिनेच पाठवलेली एक काळपट पूड. तिथल्या बाभळीच्या भाजलेल्या बियांची.

“बाभळीच्या बिया शेळ्या खातात,” मी म्हणाले.

“मग तूही खाशील,” ती म्हणाली.

पुडीला कॉफीचा वास होता. मध इथलाच, बोरीच्या फुलांचा. पहिला घाणा करपला, दुसरा दातांनी तुटेना. माझा राग नाकावर, मी ट्रे सिंकमध्ये आपटला. पण दर वर्षी पार्सल येत राहिलं आणि मीही हट्टाला पेटले.

मग ताई आजारी पडली. औषधांनी तिच्या तोंडाची चव गेली. भात खाल्ला काय नि कागद खाल्ला काय, सारखंच, असं म्हणायची. एका शुक्रवारी मी बिस्किटं भाजत होते आणि तिचा फोन आला.

“रिसीव्हर तोंडाजवळ धरून खा,” ती म्हणाली, “आणि मला सांग.”

मी खाल्लं. “आधी आंबट लागलं. मागून मध. शेवटी तुझी ती कडवट पूड.” ती ऐकत राहिली. तेव्हापासून दर शुक्रवारी हाच उद्योग. माझी सहा वर्षांची लेकही रिसीव्हरमध्ये कुरुम कुरुम खायची आणि विचारायची, “मावशी, कॅन यू हिअर?” मावशी तिकडून मार्क द्यायची.

उपचार संपले की चव परत येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डिसेंबरात भारतात जाताना ताई दुबईला उतरणार होती. “एअरपोर्टवर डबा घेऊन ये. चव आली की पहिलं बिस्किट तुझ्या हातचं खाणार,” असं तिने बजावलं होतं. मी शेवटची वाटीभर फळं तिच्यासाठी बाजूला काढली. लेकीने मागितली तरी दिली नाहीत.

डिसेंबर यायच्या आत ताई गेली. व्हिसा हातात नव्हता, मला जाता आलं नाही. मला देवाचा राग आला, डॉक्टरांचा आला आणि ताईचाही आला. एवढं बजावून ठेवायचं आणि असं निघून जायचं?

तेराव्याला घरात गोड करतात. नवरा हळूच म्हणाला, “थोडा शिरा कर.” मी राखून ठेवलेली फळं भिजत घातली. तो बघत राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बिस्किटं ताई सांगायची तशी झाली, कडेने कुरकुरीत आणि आत मऊ. एक तिच्या फोटोपुढे ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन मी पोटभर रडले.

बाहेर आले तर लेक फोनपाशी उभी. मावशी आता नाही, हे तिला नीट सांगितलं होतं. तरी रिसीव्हर तोंडाजवळ धरून ती सावकाश बिस्किट चावत होती. आतून नुसता टोन येत होता. मला बघून ती दचकली. मी ओरडणार असं तिला वाटलं असेल. मी ओरडले नाही, तशी तिने रिसीव्हर माझ्यापुढे केला.

“यल्ला आई, चल, युअर टर्न.”

मी तिच्या हातातलं उरलेलं बिस्किट तोंडात घातलं.

“आधी आंबट लागलं,” मी म्हणाले. “मागून मध.”

पुढचं मला सांगता येईना.