नैवेद्याचं मीठ

देवावर रुसायचं वय माझं केव्हाच उलटून गेलं, तरी गेल्या वर्षी मी त्याच्यावर रुसले. तशी मी काही फार सोवळ्या-ओवळ्याची बाई नव्हे. सकाळचा दिवा, मंगळवारी दुपारी आमच्या महाडच्या आळीतल्या बायकांचं भजन, त्यात पेटीवर मी, आणि दोन्ही वेळचा स्वयंपाक. स्वयंपाक हीच माझी पूजा, असं मी चारचौघींत तोऱ्यात सांगायची. मग पावसाळ्याच्या शेवटी मला ताप आला. तसा साधाच, अंथरुणाला खिळवणारा नव्हता. ताप उतरला आणि सकाळी चहाचा घोट घेतला तर नुसतं गरम पाणी! आलं किसून घातलं होतं, तरी नाही. हिंगाची डबी नाकाशी नेली, तीही मुकी. म्हटलं सर्दी असेल, जाईल. सर्दी गेली, पण चव आणि वास काही परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, काहींना येते, काहींना वेळ लागतो. त्या 'काहींना'त आपण कुठल्या, हे त्यांनाही सांगता येईना.

पहिले काही आठवडे मी हाताच्या सवयीवर रेटत होते. इतकी वर्षं स्वयंपाक केला, हाताला काय आठवत नाही? हे जेवायला बसले की मी विचारायची, कसं झालंय? हे म्हणायचे, छान झालंय. जेवण झालं की तांब्याभर पाणी गटागटा प्यायचे. मला वाटायचं, उकाडा आहे. एके दिवशी शेजारच्या ताई आमटीची वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच घुटमळल्या. शेवटी म्हणाल्या, "रागावू नका हं, पण तुम्ही मीठ दोनदा घालता का हो?" ह्यांना विचारलं तर मान खाली. म्हणजे एवढे दिवस हा माणूस कधी खारट तर कधी अळणी मुकाट्याने गिळत होता आणि वर छान म्हणत होता. मला इतका संताप आला! खरं तर त्यात प्रेमच होतं, कळत होतं मला. पण ज्या बाईला स्वतःची जीभ फसवते, तिला दुसऱ्याच्या तरी जिभेवर विश्वास ठेवता आला पाहिजे ना. तोही गेला. त्या दिवशी मी खूप रडले आणि दुसऱ्या दिवसापासून डबा लावला.

डबा आला आणि घरातून फोडणीचा आवाज गेला. मंगळवारच्या भजनालाही मी जाईनाशी झाले. माझी पेटी सावित्री नदीच्या पुरात भिजून निघालेली, तिची एक पट्टी दाबली की वर येत नाही, तरी ती मी कधी टाकली नव्हती. आता तिच्यावर चादर घातली. बायका बोलवायला आल्या, मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. देवापुढे दिवा तेवढा लावायची, पण हात जोडताना मनात यायचं, तुझ्यासाठी मी एवढी वर्षं पुरणावरणाचं केलं, आणि तू नेमकी तीच गोष्ट काढून घेतलीस? पाय घेतला असतास तर बसून केलं असतं. असलं काहीबाही बोलायची मी. उत्तर अर्थातच यायचं नाही. मग मी बोलणंही सोडलं.

चैत्र लागला आणि धाकट्या भावाचा फोन आला. माझं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अलीकडे आत वळणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या कुशीतली एक वाडी. तिथे वाघजाईचा वर्षाचा भंडारा असतो. मोठ्या कढईतलं जेवण सगळा गाव मिळून करतो, पण देवीचा नैवेद्य एकाच घरात शिजतो. घराघराची पाळी असते, फिरत फिरत बऱ्याच वर्षांनी आपल्याकडे येते. पाळीच्या घरची सून किंवा लेक, कुणी तरी एकटीने तो शिजवायचा. चूल पेटली की तिने तोंडाला फडकं बांधायचं. नैवेद्य देवळात जाईपर्यंत बोलायचं नाही, वास घ्यायचा नाही, आणि चाखायचं तर नावच नाही. स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी यायचं नाही. नैवेद्य दाखवून झाला की तेच अन्न भजनी मंडळीच्या पंगतीला वाढतात, कारण ती माणसं सकाळपासून नुसत्या चहावर गात असतात. यंदा पाळी आमची, आणि माझी भावजय सुमन अंगणात घसरून पडलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये. भाऊ म्हणाला, "ताय, तूच ये. दुसरं कोण हाय आपल्याला?"

मी नाहीच म्हणणार होते. पण माहेरच्या चुलीवरून गावात बोलणं होईल, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. आम्ही दोघं एसटीने पोलादपूरला उतरलो, तिथून जीपने वर गेलो. रात्री सुमनला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, बाई गं, माझ्या हातून वालाचं बिरडं खारट झालं तर ती उपाशी माणसं पानावरून उठतील, आणि मग मी जन्मात चुलीपुढे बसायची नाही. हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोलले नव्हते, मनात पक्कं ठरवलंच होतं. सुमन हसायला लागली. "वन्सं, चव नाय तर नाय! नैवेद्य चाखतंय कोण? मला मेलीला चव हाय, तरी त्या दिवशी माजं पण तोंड बांधलेलंच असतं की. देवीपुढं तुमी नि मी सारख्याच." एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. लहानपणापासून ती रीत बघितली होती, पण ती का असेल असा विचार कधी मनात आला नव्हता.

सकाळी अंघोळ करून मी चूल पेटवली आणि फडकं बांधलं. सुमन पूजेचं ताट घेऊन देवळात गेली, हे भावाबरोबर मांडवात गेले. घरात मी एकटी. देऊळ आमच्या परड्याच्या पलीकडेच, त्यामुळे मृदंग आणि टाळ अगदी कानाशी. तोंड बांधलेलं, नाक तर आधीचंच बंद, धुराने डोळे झोंबत होते. राहिले ते कान. आणि मला पहिल्यांदा जाणवलं की स्वयंपाक ऐकूही येतो. मोहरी तडतडली, थांबली, आता हिंग. भाताचं आधण आधी खळखळतं, पाणी आटत आलं की त्याचा आवाज खाली बसतो, तेव्हा निखारे ओढायचे. सोललेले वाल तेलात पडले तसा चर्रर्र आवाज झाला आणि मग पाणी घातल्यावर सगळं शांत. खीर तळाला लागायच्या आधी जडपणे पुटपुटते. हे सगळं आयुष्यभर माझ्या कानावर पडत होतं, पण जिभेच्या भरवशावर मी कानाला कधी विचारलंच नव्हतं. कितीतरी महिन्यांनी मला बरं वाटलं. फडक्याच्या आत मी गुणगुणतही असेन.

आणि तिथेच घोटाळा झाला. देवळात नवा अभंग सुरू झाला. भजनाच्या बुवांनी काळी एकच्या सुरात सुरुवात केली आणि पेटीवाला बसला त्याच्या वरची काळी दोन धरून. अरे देवा, असं वाटलं उठून जावं आणि त्याचा हात धरून खाली आणावा! पेटी वाजवणाऱ्या माणसाला असलं ऐकवत नाही. माझी बोटं आपोआप हालायला लागली, त्यांचा सूर सावरायला. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पेटीवाला एकदाचा खाली उतरला, सूर जुळला, आणि मी भानावर आले. बघते तर माझी बोटं मिठाच्या बरणीच्या झाकणावर नाचत होती. बोटांना मिठाचे कण लागलेले. बिरडं रटरटत होतं. मी मीठ घातलं होतं की नव्हतं?

कितीही आठवलं तरी आठवेना. कण बरणीचेही असतील, घालतानाचेही असतील. बाकी सगळ्याला आवाज होता, मिठाला आवाज नसतो. चाखता येत नाही, चाखून उपयोग नाही, हाक मारता येत नाही, आणि मारली तरी आत यायला कुणाला परवानगी नाही. घातलं नसेल तर अळणी, आणि घातलं असून परत घातलं तर तेच, दोनदा मीठ, ज्यासाठी मी घरची चूल बंद केली होती. मनात म्हटलं, आई, एवढं तरी सांग. देवळात टाळ वाजत राहिले. शेवटी अळणीपेक्षा खारट बरं असं काहीतरी ठरवून मी मूठभर मीठ घेतलं आणि हात पातेल्यावर नेला.

तेवढ्यात परसदारातून हाक आली. "बाय गो, वाईच मीठ देतेस काय?" दारात एक बाई उभी, माझ्याच वयाची, पदर खोचलेला, चालून आल्यामुळे धापा टाकत होती. उंबऱ्याच्या आत ती आली नाही, रीत तिलाही ठाऊक असणार. "म्हाताऱ्याला घेरी आलीय मांडवात, उन्हानं. साखरपाणी करायचंय. साखर हाय, कढईपाशी गर्दी, मीठ गावत नाय." मीठ हातावर देत नाहीत म्हणून तिने पळसाचं पान पुढे धरलेलं. मला बोलता येत नव्हतं. मूठ तर भरलेलीच होती. मी पातेल्यावरचा हात उचलला आणि ते सगळं मीठ त्या पानावर सोडलं. "बरं व्हईल गो तुजं," म्हणाली आणि झपाझपा निघून गेली.

मी रिकाम्या हाताकडे बघत उभी राहिले. परत बरणीत हात घालावा असं काही वाटेना. ज्याने मागितलं त्याचं ते होतं, पातेल्याचं नव्हतं, असं अगदी स्पष्ट वाटलं. कुठून वाटलं ते मला विचारू नका. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मनात म्हटलं, आता तू आणि तुझं बिरडं, माझ्याने एवढंच झालं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी देवीशी धड बोलले. भाऊ आला, नैवेद्य डोक्यावर घेऊन गेला, मी फडकं सोडलं आणि चुलीपाशीच बसून हुंदके देऊन रडले.

पंगत बसली तेव्हा मी मांडवाच्या खांबाआड उभी होते. हे भजनी मंडळीच्या शेवटी बसलेले. बुवांनी पहिला घास घेतला. माझा जीव कानात गोळा झालेला. बुवा काही बोलले नाहीत, भुकेलेला माणूस बोलत नसतोच. मग त्यांनी वाढणाऱ्याला हात केला आणि बिरडं आणखी मागितलं. मी म्हटलं, भूक लागलीय, काहीही मागतील. मग मी ह्यांच्याकडे बघितलं. हे शांतपणे जेवत होते. जेवले, पान पुसून स्वच्छ केलं, आणि बसून राहिले. त्यांच्या पुढ्यातला पाण्याचा पेला भरलेला होता. तोंडही लावलेलं नव्हतं. मी खांबाला टेकले. त्या माणसाला खोटं बोलता येतं, पण तहान काही लपवता येत नाही, हे मला आता चांगलं माहीत होतं.

ती बाई मला मंडपाच्या कडेला दिसली. वरच्या वाडीची होती, भंडाऱ्याला सासऱ्यांना घेऊन आलेली. म्हातारबुवा भिंतीला टेकून खीर खात होते. मी जाऊन तिचे पाय धरले तशी ती एकदम मागे सरली. "अगो, मीठ मी मागून नेलं नि पाया तू पडतेस? येडी का खुळी तू?" कुणी म्हणेल, साधी बाई, साध्या कामाला आली. तशीच ती होती. ती वाघजाई होती असं मी म्हणत नाही. पण मदत मागायच्या रूपानेही कुणी आपल्याला वाचवून जाऊ शकतं, हे मात्र मी त्या दिवसापासून मानते. मी देवीकडे मागत होते, आणि तिने माझ्याच हातातलं मागून घेतलं. नंतर मीही प्रसाद खाल्ला. मला काही लागलं नाही. सुमन शेजारी बसून डाव्या हाताने खात म्हणाली, "बेस झालंय." मी म्हटलं, असेल.

चव अजून आलेली नाही. कधीतरी पहाटे हिंगाची पुसट चाहूल लागते आणि जाते. येईल तेव्हा येईल. लावलेला डबा मी बंद केला, पेटीवरची चादर काढली, मंगळवारी आळीतल्या बायकांबरोबर त्या अडकणाऱ्या पट्टीला चुकवून वाजवते. स्वयंपाक करताना गुणगुणते, मीठ घालायच्या वेळी तेवढी थांबते. एकदा घालते, देवीचं नाव घेते आणि झाकण ठेवते. हे जेवायला बसतात, मी विचारते, कसं झालंय? हे म्हणतात, छान झालंय. आणि मी त्यांच्या पेल्याकडे न बघता दुसरी पोळी वाढते.